विलायती टोपीची मावशी

आमच्या गावात साहेबी हॅट घालणारं एकच माणूस होतं, आणि ती बाई होती.

अंगावर नऊवारी लुगडं, पायात टायरच्या चपला, कमरेला खोचलेला विळा, डोक्यावर पदर आणि पदरावर राखाडी रंगाची, काळ्या पट्टीची, रुंद काठाची हॅट. अशी ती सकाळी पैनगंगेच्या काठच्या मळ्याकडे निघाली की जैनथच्या बसमधले परगावचे लोक खिडकीतून माना बाहेर काढायचे. आम्हाला सवय झाली होती. तिच्या डोक्यावर टोपी नसली तरच आम्ही विचारायचो, "काय व मावशी, बरं नाही का?"

सारं गाव तिला मावशी म्हणायचं. मला ती मास्तर म्हणायची. मी काही शाळेत शिकवत नव्हतो. माझ्या किराणा दुकानाच्या एका कोपऱ्यात गावचं पोस्ट होतं, आणि त्याचा पोस्टमास्तर मी. एक टेबल, एक तराजू, शिक्का, शाईची गादी आणि लोखंडी पेटी. बसमधून टपालाची पिशवी यायची, परतीच्या बसने जायची. वय माझं तिशीचं. बी. ए.चं एक वर्ष आदिलाबादला केलेलं, म्हणून गावात मी इंग्रजी जाणणारा.

मावशीच्या कपाळावर आणि डाव्या गालावर कोड होतं. नवरा गेल्यानंतर दोन-तीन वर्षांत ते आलं. वांग्याच्या आणि भेंडीच्या मळ्यात दिवसभर उभं राहायचं, आणि उन्हाळ्यात ती पांढरी कातडी भाजून लाल व्हायची, फोड यायचे. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऊन लागू देऊ नका. लोक म्हणायचे, छत्री घे. त्यावर ती म्हणायची, "छत्रीनं एक हात जाते. वांगे काय तोंडानं तोडू?" कोणी म्हणायचं, पदर पुढं ओढून घे. "पदरातून ऊन गळते," ती म्हणायची. आणि बाईमाणसानं पुरुषाची टोपी घालावी का, लाज नाही का, असं कोणी म्हणालंच तर तिचं एक ठरलेलं उत्तर होतं. "उनाले लाज नाई, मंग म्या काऊन लाजू?"

टोपी आली कशी, ते सांगतो. सत्त्याऐंशीचं साल असेल. आदिलाबादच्या रद्दीवाल्याकडून मी पुड्या बांधायला रद्दी आणायचो. त्यात एकदा इंग्रजी मासिकांचा गठ्ठा आला. मावशीला मी हळदीची पुडी बांधून दिली आणि ती दुसऱ्या दिवशी पुडीचा कागद घेऊन परत आली. कागदावर हॅट घातलेल्या माणसाचं चित्र होतं आणि खाली चार ओळी.

"वाच."

मी वाचलं. विलायतेतल्या कुठल्याशा लहान गावातली एक बाई नमद्याच्या हॅटा विकत होती. कारखान्यातून बारीकसारीक खोट निघालेल्या, म्हणून स्वस्त. कोणत्याही देशात पोस्टाने पाठवू, असं लिहिलं होतं.

"कोन्त्याबी देशात म्हंजे आपल्याबी?"

"आपल्याही."

"मंग लिव्ह तिले."

मी हसलो. म्हणालो, मावशी, तिला पौंडात पैसे पाठवावे लागतात. ते आपल्या पोस्टातून जात नाहीत, बँकेचे कागद लागतात, हैदराबादला खेटे घालावे लागतात. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "हेच लिव्ह. का आमच्याकडून पैसे येत नाई. तुले दुसरं काय पायजे, ते सांग."

माझ्या आयुष्यातलं ते पहिलं इंग्रजी पत्र. दुपारभर शब्दकोश घेऊन बसलो होतो. दोन महिन्यांनी निळ्या पातळ कागदाचं उत्तर आलं. त्या बाईने लिहिलं होतं की तिच्या नवऱ्याला पोस्टाची जुनी तिकिटं जमवायचा नाद आहे. हिंदुस्थानची चालतील, पण निजामाच्या राज्यातली मिळाली तर फारच आनंद होईल. पन्नास तिकिटांना एक हॅट.

मावशीने ऐकलं आणि ती उठलीच. त्या दिवसापासून गावातल्या कोणाच्याही घरात जुनी पेटी उघडली की मावशी तिथं हजर. ज्यांचे आजे-पणजे निजामाच्या दफ्तरात होते त्यांच्याकडे जुने लिफाफे निघाले. एका तिकिटाला दोन वांगी, असा तिचा भाव. चांगलं, न फाटलेलं असलं तर वर कोथिंबीर. लिफाफ्याचा तुकडा ती पितळी वाटीत भिजत घालायची, तिकीट सुटलं की सुपात पसरून सावलीत वाळवायची, आणि माशी बसू नये म्हणून स्वतः शेजारी बसायची. मळ्यातल्या कामाला जेवढा हात जड, तेवढाच तिकिटाला हलका.

डोक्याचं माप पाठवायचं होतं. तिने सुतळी घेतली आणि अंबाडा, पदर सगळं धरून गाठ मारली. मी म्हणालो, एवढं कशाला? "मंग का पदर काढून घालू?" अडीच महिन्यांनी बोटीने पार्सल आलं तेव्हा हॅट तिच्या नाकावर उतरली. तिला काही वाटलं नाही. घरच्या कापसाची पेळू करून तिने आतल्या पट्टीत भरली आणि टोपी बसवली. आत एक तेलकट डाग होता, तीच त्या टोपीची खोट. नमदा म्हणजे काय हे आमच्याकडे कोणाला नीट ठाऊक नव्हतं. एका म्हाताऱ्या धनगराने बोटाने चाचपून सांगितलं, "लोकर हाय. विनेल नाई, कुटेल हाय." एप्रिलमध्ये ती आत पळसाचं ओलं पान ठेवायची. पावसात काठ लोंबले की उपड्या गाडग्यावर टोपी ठेवून खालून वाफ द्यायची आणि हाताने काठ वळवायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

पण मला टोपीपेक्षा ती पत्रं आठवतात. टोपी मिळाली, काम झालं, असं मावशीने मानलंच नाही. दर दोन-तीन महिन्यांनी ती दुपारी यायची, गुळाच्या ढेपेशेजारी पोत्यावर बसायची आणि म्हणायची, "घे कागद." मग ती सांगायची. नदीला किती पाणी आलं, भेंडीवर कीड पडली, पोरगी सातवीत गेली, म्हैस आटली. मी म्हणायचो, मावशी, तिला काय करायचंय आपल्या म्हशीचं? "तुले काय करायचं हाय? तू लिव्ह." आणि तिकडून उत्तरं यायची. तिथं सहा दिवस पाऊस, नवऱ्याचे गुडघे दुखतात, परसात कांद्यासारखी कसलीशी भाजी लावली ती गोगलगाईंनी खाल्ली. हे वाचल्यावर मावशी दोन दिवस चिंतेत होती. तिसऱ्या दिवशी आली. "लिव्ह, चुलीतली राख टाक म्हना भवताल."

पुढं, अगदी नव्वदचं दशक संपताना, आदिलाबादला इंटरनेटचं दुकान निघालं. माझा भाचा तिथं जायचा. तो मावशीला म्हणाला, मावशी, आता पत्र नको, तिकिटं नको, कॉम्प्युटरवर बटण दाबलं की परदेशातली हॅट मागवता येते, याच्याहून स्वस्त. चित्रं बघायची आणि निवडायची. मावशीला उत्सुकता वाटली. ती त्याच्यासोबत बसने गेलीसुद्धा. परत आल्यावर मी विचारलं, कशी होती?

"लय टोप्या हायेत बावा. दहा-वीस पानं भरून."

"मग मागवली?"

"म्या पोराले इचारलं, तिथं कोन बसते? तो म्हने कोनीच नाई, कंपनी हाय. मंग लिव्हाचं कोनाले?"

ती त्यानंतर दोनच वर्षं होती. तेव्हा तिच्या घरात चार टोप्या होत्या. तिच्या मुलीने त्यातली एक ठेवली, बाकीच्या मळ्यात कामाला येणाऱ्या बायांना दिल्या. त्या बाया त्या घालतात. आता कोणी काही म्हणत नाही.

हे सगळं सांगताना मी एक गोष्ट टाळत आलोय. ती सांगितल्याशिवाय मावशी कशी होती ते कळणार नाही, आणि मी कसा होतो तेही.

पहिली टोपी चार वर्षं टिकली. मग एका फाल्गुनात मावशी नावेतून नदीपलीकडच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या, गावच्या बाजाराला निघाली असताना वारा सुटला आणि टोपी उडाली. पाण्यावर पडली, गोल गोल फिरत पलीकडच्या काठाला लागली, आणि नाव तिथं पोचेपर्यंत तिथल्या कोणीतरी उचलून नेली. परत आल्यावर ती दुकानासमोर उभी राहून सगळ्यांना सांगत होती, "माही टोपी महाराष्ट्रात गेली. म्या आंध्रातच राह्यली." सारे हसलो. ती त्याच दिवशी पत्र सांगायला बसली. तिकिटं जमलेलीच होती.

या वेळी तिकडच्या बाईने विमानाने पार्सल पाठवलं. एप्रिलच्या मध्यावर ते माझ्या टेबलावर आलं. मावशी मळ्यात होती. तेवढ्यात तिचा भाऊ दुकानात आला. तो गावातच राहायचा, तिचीच भाजी आदिलाबादच्या बाजारात विकायचा. माणूस वाईट नव्हता. त्याने पार्सल पाहिलं आणि शेजारी बसला.

"मास्तर, माह्या भाचीले पाहाले येऊन राह्यले. भीमपूरकडचे हायेत, घर चांगलं हाय. पुढच्या आठवड्यात येतेत. तवापर्यंत हे देऊ नोका."

"असं कसं? टपाल आहे."

"आठ-नऊ दिवसाची गोठ हाय. हे डोक्यावर घालून ते दारात उभी राह्यली तं पाहुने चप्पलबी काढनार नाईत. पदर घेतला का कपाळ झाकते, सारं झाकते. पोरीचं भलं होईन. तुमालेबी पोरगी हाय."

मला तेव्हा एक वर्षाची मुलगी होती. मी ते पार्सल उचललं आणि तेलाच्या डब्यांमागे ठेवलं.

मावशी रोज संध्याकाळी मळ्यातून येताना थांबायची. "आलं का व मास्तर?"

"नाही मावशी."

भेंडी एक दिवस तोडली नाही तर जून होते. ती घरी बसू शकत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिचं कपाळ लाल होतं. पाचव्या दिवशी भुवईच्या वर फोड आला होता. त्यावर तिने कोरफड लावली होती. "आलं का?" मी म्हणालो, नाही. हे 'नाही' म्हणायला मला रोज थोडं सोपं जात होतं, हे मला आजही आठवतं आणि आवडत नाही.

पाहुणे आले. गावातला जाणता माणूस म्हणून मीही बैठकीला होतो. मुलगी चहा घेऊन आली, बसली, नाव सांगितलं, दहावी पास सांगितलं. मुलाची आई खूश दिसत होती. मावशी दाराशी पदर भुवईपर्यंत ओढून उभी होती. बोलणं देण्याघेण्याकडे वळणार, तेवढ्यात ती पुढं आली आणि तिने पदर मागं केला. कपाळावर पांढरं कोड, त्यावर लाल भाजलेलं, फुटलेला फोड.

"पाहून घ्या," ती म्हणाली. "हे कोड हाय. लागत नाई, चिकटत नाई. नाई तं मंग म्हनान, का लपवलं."

मुलाच्या आईने चहाची बशी खाली ठेवली. कळवतो म्हणून ते गेले आणि त्यांनी कधीच कळवलं नाही.

त्या संध्याकाळी मुलगी आईशी बोलली नाही, जेवलीही नाही. पण दुसऱ्या दिवशी मामा तिला समजवायला गेला तेव्हा त्यालाच ती म्हणाली, "मायची टोपी असती तं बरं झालं असतं. जे जायचे ते दारातूनच गेले असते." तिचं पुढं वर्षभराने नेरडीगोंड्याच्या एका कंपाउंडरशी लग्न झालं. ते लोक पहिल्यांदा आले तेव्हा मावशी मळ्यातून टोपीसकट आली होती.

मी पार्सल दिलं ते पाहुणे गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. मावशीला इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे येत होते. बसचे नंबर, तारखा, काट्यावरचं वजन ती पक्कं वाचायची. तिने दोरी सोडण्याआधी शिक्के पाहिले. मुंबईचा. आदिलाबादचा. बोटांच्या पेरांवर मोजलं.

"आदिलाबादहून इथं याले नऊ दिवस लागते का मास्तर?"

"कधी कधी लागतात."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग टोपी घातली. या वेळी बरोबर बसली. "घे कागद," ती म्हणाली. "लिव्ह. टोपी भेटली. बराबर हाय. पन कुठंतरी नऊ दिवस पडून होती, अन् माहं कपाळ जळलं."

मी लिहिलं की पार्सल फार उशिरा मिळालं आणि उन्हाने कपाळ भाजलं. 'कुठंतरी पडून होती' हे लिहिलं नाही. इंग्रजीत ते कसं म्हणायचं ते सुचत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

उत्तर जुलैत आलं. मी नेहमीसारखा एकेक ओळ वाचत मराठीत सांगत होतो, पुढं काय आहे ते न बघता. तिकडच्या बाईला फार वाईट वाटलं होतं. ती तडक तिच्या गावच्या पोस्टात गेली होती. तिथं खिडकीवर एक म्हातारा कारकून बसतो, त्यानेच ते पार्सल घेतलं होतं. त्याच्यामुळे एका बाईचं कपाळ भाजलं, असं तिने त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. लेखी तक्रारही केली. म्हातारा आपली नोंदवही परत परत उलटून बघत होता, असं तिने लिहिलं होतं.

हे माझ्याच तोंडून निघालं. मी थांबलो.

मावशीने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "त्या बुढ्याचा काय गुन्हा व मास्तर?"

मी सगळं सांगितलं. तेलाचे डबे दाखवले. म्हणालो, तुझ्या भावानेच सांगितलं होतं.

"म्या त्याले नाई इचारून राह्यली. तुले इचारून राह्यली. टपाल कोनाचं असते?"

"ज्याच्या नावाचं त्याचं."

"मंग लिव्ह. जसं झालं तसं."

पार्सल दाबून ठेवणं म्हणजे नोकरीवर गदा. तो कागद माझ्या अक्षरात, माझ्या कबुलीचा, परदेशात जाणार होता. तिथून तो कुणाच्याही टेबलावर येऊ शकला असता. मी काय लिहितोय ते मावशीला कळणार नव्हतं, आणि तिने कोणाकडून वाचूनही घेतलं नाही. ती नुसती समोर बसून राहिली. मी लिहिलं: तुमच्या कारकुनाची चूक नाही. हे पत्र लिहिणाऱ्यानेच ते पार्सल नऊ दिवस लपवून ठेवलं होतं. मावशीने रजिस्टर करायला सांगितलं. मी शिक्का मारला आणि पावती दिली. तिने ती घडी करून चोळीत ठेवली.

ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. रोज पिशवी उघडली की मी आधी सरकारी लिफाफा आहे का ते बघायचो. पोस्टाचा इन्स्पेक्टर मुआयन्याला, तपासणीला, आला की वाटायचं, आज. मावशी येत होती, मीठ-तेल नेत होती, बोलतही होती. फक्त 'घे कागद' म्हणत नव्हती.

दिवाळीनंतर निळा कागद आला. दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं होती. मावशी पोत्यावर बसली आणि म्हणाली, "वाच."

माझ्याबद्दल त्या बाईने एक शब्दही लिहिला नव्हता. तिने लिहिलं होतं की पत्र मिळाल्याबरोबर ती पोस्टात गेली. तक्रार मागे घेतली. ज्या रांगेसमोर म्हाताऱ्याला सुनावलं होतं तशाच रांगेसमोर त्याची माफी मागितली. तो म्हणाला, असू दे. मग तिने त्याला घरी चहाला बोलावलं, आणि तो आणि तिचा नवरा दोघं तिकिटं बघत संध्याकाळपर्यंत बसले.

मी कागद खाली ठेवला. मला हलकं वाटलं. प्रकरण संपलं, नोकरी वाचली, असंच काहीतरी मनात आलं असावं, आणि ते चेहऱ्यावर दिसलं असावं.

"तिची चूक नसतानी तिनं माफी मांगतली," मावशी म्हणाली. "तू कवा मांगशीन?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी कबुली दिली होती, पण ती इंग्रजीत, कधी न पाहिलेल्या बाईला. या समोर बसलेल्या बाईला मी कारणं सांगितली होती, भावाचं नाव सांगितलं होतं, तेलाचे डबे दाखवले होते. तिच्या कपाळावर भुवईच्या वर त्या फोडाचा डाग अजून होता. तिला, आपल्या भाषेत, मी एकदाही काही म्हणालो नव्हतो.

गिऱ्हाइकं बघत होती. मी टेबलामागून उठून बाहेर आलो.

"चुकलं माझं मावशी," मी म्हणालो. "माफ कर."

तिने मान हलवली. गुडघ्यावर हात टेकून उठली, माझ्या हातातून निळा कागद घेतला, नीट घडी केली.

"दोनच तं शब्द होते," ती म्हणाली. "सहा महिने लागले तुले."